सात नंबर जमिनीवरच राहिला

धाकट्या दिराने सात नंबरचा ड्रोन फरशीच्या तुकड्यावर ठेवला, रिमोटवरून मोटरी जरा फिरवून पाहिल्या आणि मान वर न करता म्हणाला, "वहिनी, आज बघा, लोण्यासारखा उडेल."

वहिनी कान देऊन ऐकत होती. चार मोटरींपैकी तीन एका सुरात होत्या. मागची उजवी मात्र घसा बसल्यासारखी वाजत होती. दिराने मोटरी बंद केल्या, रिमोट तिच्या गळ्यात अडकवला आणि बॅटरी तपासायला वाकला.

समोर धान्य साठवायचे चार सायलो ओळीने उभे होते. सिमेंटच्या गोल, उंच कोठ्या, प्रत्येक पन्नास मीटरची. पहिल्या सायलोला तडे गेले आहेत का, ते पाहून फोटो काढायचे, एवढंच त्या दोघांचं आजचं काम. तिसऱ्या सायलोवर रंगकाम चालू होतं. दोन्ही टोकांना एकेक तारेचा दोर आणि मोटर असलेल्या लोखंडी झुल्यात उभे राहून दोन रंगारी भिंत घासत हळूहळू खाली येत होते.

भाऊजी (घरात आणि कामावर वहिनी दिराला तशीच हाक मारायची) पूर्वी लिफ्टचे मेकॅनिक होते. सहा वर्षांपूर्वी ते काम सोडून त्यांनी ड्रोन बनवायला घेतले. सांगाडा स्वतः कापायचा, मोटरी जोडायच्या, तारांना सोल्डरचा डाख द्यायचा, सगळं जेवायच्या टेबलावर. सासूबाई म्हणायच्या, "या घरात ताट ठेवायला जागा मिळाली तर तो सणच." वहिनीचा यात शिरकाव झाला तो अपघाताने. ती शिलाईच्या कारखान्यात होती. एकदा भाऊजींनी "जरा धरा" म्हणून रिमोट तिच्या हातात दिला, आणि दोन नंबरचा ड्रोन पहिल्यांदाच सरळ उडाला. दोन्ही हात आणि दोन्ही पाय वेगवेगळ्या कामाला लावायची तिला वीस वर्षांची सवय. तेव्हापासून बनवायचं त्यांनी, उडवायचं हिने.

दीड महिन्यापूर्वी सहा नंबर पडला. एका कारखान्याच्या आवारात, चाळीस मीटरवरून, दगडासारखा. सायकली ठेवायच्या शेडचा पत्रा फोडून तो आत गेला. आत एक बाई कपबशा विसळत होती. तिच्यापासून दोन हातांवर. बाई ओरडलीसुद्धा नाही, हातातली बशी तशीच धरून उभी राहिली. घरी आल्यावर भाऊजींना एका तारेचा डाख सुटलेला सापडला. "माझाच हात हलला असणार," ते म्हणाले, आणि त्याच दिवशी सात नंबरचा सांगाडा कापायला बसले.

वहिनीच्या डोळ्यांपुढून ती बशी हलेना. आठवड्याभराने ती शहरातल्या एका दुकानात गेली आणि तयार कॅमेरा ड्रोन घेऊन आली. करड्या पिशवीत बसणारा, घडीचा. तो तिने गाडीच्या डिकीत, जादा चाकाच्या खाली दडवला. "दाढ दुखतेय, डॉक्टरकडे जाऊन येते," असं सांगून ती आठवड्यातून दोनदा शाळेमागच्या मैदानावर जायची आणि तो उडवायची. सासूबाईंनी एकदा विचारलं, "नक्की कितवी दाढ गं?" वहिनीने घाईघाईत बोट दाखवलं. पुढच्या वेळी दुसऱ्याच बाजूला दाखवलं.

भाऊजींना सांगायचं ती रोज ठरवायची. पण ते म्हणजे सुगरणीच्या घरात बाहेरून डबा आणण्यासारखं होतं. जेवताना ते सात नंबरबद्दल बोलायचे, आणि तिचा घास तोंडातच फिरायचा.

"झाली तयारी," भाऊजी म्हणाले. "घ्या वर."

वहिनीने अंगठे रिमोटवर ठेवले. तेवढ्यात तिसऱ्या सायलोवरून करकर आवाज आला, आणि पाठोपाठ खाडकन् दणका.

झुला तिरपा झाला होता. डावं टोक वर राहिलं होतं, उजवं टोक चांगलं माणूसभर खाली गेलं होतं. रंगाचा डबा घसरला, हवेत उलटला आणि खाली येऊन फुटला. वर एक रंगारी कठड्याला मिठी मारून बसलेला दिसत होता. दुसरा उजव्या टोकाला पाय रोवून उभा होता. चाळीस मीटर उंचीवर.

दोघेही तिकडे धावले. रंगाऱ्यांचा मुकादम आधीच फोन कानाला लावून उभा होता. त्याचा आवाज अगदी शांत होता, आणि तोच वहिनीला आवडला नाही.

"काही नाही झालं," तो फोनवर वरच्या रंगाऱ्यांना सांगत होता. "डावी मोटर अडकलीय. डावीकडचा ब्रेक हाताने सोडा, ती बाजू खाली येईल, झुला सरळ. नेहमीचंच आहे."

"थांबा," भाऊजी म्हणाले. "उजवा दोर पाहिलात का?"

"उजवी मोटर चालतेय की."

"मोटर नाही विचारली. दोर विचारला. झुला एवढा कलंडला म्हणजे सगळा धक्का उजव्या दोराने खाल्लाय. राखीव दोर कुठाय त्या बाजूचा?"

मुकादमाने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "दुसऱ्या झुल्याला लावलाय. संध्याकाळपर्यंत आणणारच होतो."

भाऊजींनी वर पाहिलं. दोन्ही रंगाऱ्यांचे कमरेचे पट्टे झुल्याच्याच कठड्याला अडकवलेले होते. झुला गेला तर त्यांच्यासकट जाणार.

सायलोच्या माथ्यावर मुकादमाचा एक माणूस होता. पण माथ्याची कड भिंतीच्या बाहेर हातभर आलेली होती आणि दोर त्या कडेच्या खालच्या धारेवरून उतरत होते. वरून वाकून काही दिसत नव्हतं, खालून तर नाहीच. अग्निशमन दलाला फोन गेला होता. शिडी एवढी पोचणार नव्हती. दोरावरून उतरणारे जवान निघाले होते, अर्धा तास तरी लागणार होता.

"अर्धा तास ते असे राहतील होय?" मुकादम म्हणाला. "त्यातल्या वयस्कर काकांना चक्कर येतेय म्हणतात. ब्रेक सोडला की दोन मिनिटांत खाली."

"दोर बघितल्याशिवाय नाही," भाऊजी म्हणाले आणि वहिनीकडे वळले. "सात नंबर वर न्या. कडेच्या खाली, उजव्या दोरापाशी. कॅमेरा लहान आहे, अगदी हातभर अंतरावर न्यावा लागेल."

वारा दोन सायलोंच्या मधून शिट्टी घालत येत होता. वहिनीच्या डोळ्यांसमोर चार उघडे पंखे आले, आणि त्यांच्याखाली ती दोन माणसं.

"नाही भाऊजी."

"काय नाही?"

"मी तो त्यांच्या डोक्यावर नेणार नाही."

भाऊजींनी आवाज खाली आणला. "सहा नंबरचं आत्ता काढू नका, वहिनी."

"काढत नाही. मागची उजवी मोटर ऐकलीत ना तुम्ही?"

भाऊजींनी ऐकली होती. त्यांच्या कानातून ती सुटणं शक्यच नव्हतं.

"नवीन आहे. रुळेल."

"रुळू दे. पण माणसांवर नको."

"मग द्या इकडे, मी उडवतो." त्यांनी रिमोटसाठी हात पुढे केला. वहिनीने गळ्यातला रिमोट काढला, पण त्यांच्या हातात दिला नाही. तो खाली ठेवून ती गाडीकडे पळाली.

डिकी उघडून तिने जादा चाक बाजूला लोटलं आणि करडी पिशवी ओढून काढली. भाऊजी तिच्या मागोमाग आले होते. ड्रोनचे चार हात तिने एकेक करून उघडले, कॅमेऱ्यावरची टोपी काढली. भाऊजींच्या चेहऱ्याकडे तिने मुद्दामच पाहिलं नाही.

"हे कुणाचं?"

"माझं."

गाडीशेजारूनच तिने तो वर घेतला. आवाज असा एकसारखा की त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतंच. नजर वर ठेवून ती चालत चालत तिसऱ्या सायलोपाशी आली. भाऊजी चार पावलं मागे होते, आणि त्यांच्या बुटांचा आवाज तिला दर पावलाला ऐकू येत होता.

ड्रोन झुल्याच्या वर चढला, कडेखालच्या सावलीकडे सरकला आणि सुमारे दहा मीटरवर आपोआप थांबला. रिमोट टीटी करू लागला. पडद्यावर लाल अक्षरं आली, पुढे अडथळा आहे.

"जवळ घ्या ना," मुकादम म्हणाला.

वहिनीने रिमोटवरची काडी अंगठ्याने पुढे रेटली. ड्रोन जागचा हलला नाही. ही सूचना बंद करायची सोय होती, ते तिला ठाऊक होतं. तिचा अंगठा पडद्यावरच्या त्या खुणेकडे गेला.

"काय करताय?" भाऊजींचा आवाज खांद्यामागून आला.

"पहारा बंद करतेय याचा. त्याशिवाय जवळ जाणार नाही."

"कॅमेरा किती पट मोठं दाखवतो?"

"आठ."

"मग जवळ कशाला जाताय? लांबूनच बघा."

वहिनीला कानकोंडं झालं. मैदानावर तिने हे चांगलं वीस वेळा केलं होतं. पण हातांना सहा वर्षांची सवय होती, त्यांना जवळ जायचंच ठाऊक होतं. तिने चित्र मोठं केलं. दोर पडद्यावर आला आणि लगेच निसटला. पुन्हा आला, पुन्हा निसटला. वाऱ्याची झुळूक आली की तिचे अंगठे आपसूक काडीवर दाब देत, ड्रोन डुलत असे आणि आठपटीने मोठं झालेलं चित्र पार वाहून जात असे.

"स्थिर राहत नाहीये," ती म्हणाली.

भाऊजी वाकले. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते वर ड्रोनकडे बघत होते, मग तिच्या अंगठ्यांकडे.

"तो राहतोय स्थिर. तुम्ही हलवताय. बोटं काढा."

"काढली तर—"

"माझा असता तर पडला असता. हा नाही पडणार. काढा, वहिनी."

तिने अंगठे उचलले. वाऱ्याचा झोत आला, ड्रोन जरा तिरका झाला, सावरला आणि खिळा ठोकल्यासारखा जागेवर राहिला. पडद्यावर दोर स्वच्छ दिसू लागला.

कडेवर दोर घासू नये म्हणून खाली घातलेला रबरी तुकडा बाजूला सरकला होता. दोर थेट सिमेंटच्या धारेवर टेकला होता. तिथे त्याच्या अंगावर तारा उभ्या राहिल्या होत्या, अंगावर काटा यावा तशा.

"सहा पेडांचा दोर आहे," भाऊजी सावकाश म्हणाले. "दोन पेड गेलेत. तिसरा उसवतोय." ते मुकादमाकडे वळले. "ब्रेक सोडला असतात तर डावी बाजू हिसक्याने खाली आली असती. फोन द्या."

मुकादमाने फोन दिला. तेवढ्यात वहिनीने कॅमेरा डाव्या दोरावर फिरवून दाखवला आणि परत उजव्यावर आणला.

वर झुल्यात तरुण, दाढीवाला रंगारी फोनवर होता. भाऊजींनी त्याला आपण कोण ते सांगितलं, लिफ्टवर बारा वर्षं काम केलंय तेही सांगितलं. मग म्हणाले, "उजव्या दोरावरचा भार कमी करायचाय. दोघांनी डाव्या टोकाकडे जायचं. घाई करायची नाही, उडी मारायची नाही. डावा दोर शाबूत आहे, आम्हाला दिसतोय."

"मी जाईन," दाढीवाला म्हणाला. "काका हलत नाहीत. डोळे मिटून घेतलेत."

"स्पीकर लावा. काका, मी खालून बोलतोय. डोळे उघडायला सांगत नाही. मिटलेलेच राहू द्या. डावा हात कठड्यावरून पुढे सरकवा. फक्त हात."

बराच वेळ काही झालं नाही. मग फोनमधून दाढीवाल्याचा आवाज आला, "सरकवला. वीतभर."

"आता गुडघा. तोही वीतभरच."

वहिनीची नजर दोराच्या त्या जागेवर होती. तिने अगदी हळू आवाजात सांगितलं, "एक तार गेली."

भाऊजींच्या आवाजात काडीचा फरक पडला नाही. "काका, छान चाललंय. जरा थांबा तिथेच. श्वास घ्या. घरी कोण कोण असतं?"

"बायको," स्पीकरवरून घोगरा आवाज आला. "मुलगी बाळंतपणाला आलीय."

"मग घरात तुमचं कुणी ऐकत नसेल आत्ता."

"एरवी कोण ऐकतं."

"चला, पुन्हा हात."

वहिनीने मान हलवून सांगितलं, दोर उसवायचा थांबलाय. हात, गुडघा, हात, गुडघा. कलंडलेल्या झुल्याची चढण ते दोघं रांगत चढत होते. मधेच एक मोठा पेड अर्धवट उलगडला. तिने नुसतं भाऊजींच्या मनगटावर बोट टेकवलं. ते लगेच फोनवर म्हणाले, "थांबा. दोघंही." मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत एवढा वेळ कुणी हललं नाही. मग पुन्हा सुरुवात.

काका डाव्या टोकाला पोचले तेव्हा दोराचा ताण कमी झालेला दिसत होता. तेवढ्यात रिमोट वेगळ्या सुरात वाजला. बॅटरी संपत आली होती. सात नंबर असता तर आठव्या मिनिटालाच उतरवावा लागला असता. हा चोवीस मिनिटं टिकला होता. पण उतरवायचा म्हणजे दोरावर कुणाचीच नजर नाही.

"आता अजिबात हलू नका," भाऊजींनी वर सांगितलं. "आम्ही दोन मिनिटांत परत."

वहिनीने ड्रोन त्यांच्या पायांशी उतरवला. ती बॅटरीची खिट्टी शोधत होती तोवर भाऊजींनी तो उचलला, दोन बोटांनी खिट्टी दाबून जुनी बॅटरी काढली आणि नवी बसवली. त्यांना ती खिट्टी कुणी दाखवली नव्हती. ड्रोन परत वर गेला. दोर होता तसाच होता.

जवान आले ते त्यानंतर दहा मिनिटांनी. माथ्यावरून दोन नवे दोर डाव्या बाजूला सोडले गेले, एक जवान उतरला, आधी काकांना बांधून खाली आणलं, मग दाढीवाल्याला. काकांचा पाय मुरगळला होता, बाकी काही नाही. ते पाणी प्यायले, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि बसून राहिले.

उजवा दोर शेवटपर्यंत तुटला नाही. मुकादम त्याच्याकडे बघत म्हणाला, "तसा टिकला म्हणा की."

काकांनी मान वर केली. "मला दाखवा."

वहिनी त्यांच्याशेजारी उकिडवी बसली आणि तिने उडवताना टिपलेला दोराचा फोटो पडद्यावर काढून दिला. काकांनी तो बराच वेळ पाहिला. "हा मला पाठवा," ते म्हणाले. "मुलीच्या नंबरवर पाठवा, माझ्या फोनवर उघडत नाहीत असले." मुकादम तिथून निघून गेला.

परतीच्या वाटेवर गाडी भाऊजी चालवत होते. सात नंबर मागच्या सीटवर होता, करडी पिशवी वहिनीच्या मांडीवर. तिसऱ्या सिग्नलला त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"कधी घेतलात?"

"पाच आठवडे झाले."

"म्हणजे दाढ?"

"दाढ शाबूत आहे."

ते हसले नाहीत. "मला सांगायचं होतंत."

"तुमचं तोंड उतरलेलं बघवलं नसतं मला."

"तोंड उतरलं असतंच. त्याचं काय." त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "पण या पाच आठवड्यांत आपण दोन कामं केली. जुना पाच नंबर उडवलात तुम्ही. खाली माणसं होती. तुम्हाला माझ्या ड्रोनची भीती वाटत होती, आणि तुम्ही तो उडवलात. मला वाईट वाटू नये म्हणून."

वहिनीने मनातल्या मनात हा हिशेब कधी असा मांडलाच नव्हता. आपण भाऊजींना जपतोय, एवढंच तिला वाटत होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"माझंही," ते म्हणाले. "ती मोटर मी ऐकली होती." आणि गाडी सुरू केली.

चार दिवस ते जेवायच्या वेळेपुरते खोलीबाहेर यायचे. पाचव्या दिवशी त्यांनी सात नंबरची मोटर बदलली आणि वहिनीला मैदानावर घेऊन गेले. आसपास चिटपाखरू नव्हतं. तो उडाला आणि खरोखर सुंदर उडाला. अंगठ्याच्या नुसत्या इशाऱ्यावर वळायचा, तयार ड्रोनला सात जन्मांत जमलं नसतं असा. उतरवल्यावर दोघंही त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"चांगला झालाय," वहिनी म्हणाली.

"झालाय. पण माणसं असतील तिथे हा नको." आणि मग, दुसरंच काही आठवल्यासारखं, "त्या तुमच्याचं माहितीपुस्तक कुठाय?"

तिने ते दिलं. त्यांनी ते दोन दिवस वाचलं, पेन्सिलीने खुणा करत. तयार ड्रोन उघडता येत नाही, त्याच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही, याबद्दल ते येता-जाता कुरकुरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चहा करत असताना ते एक पान उघडून स्वयंपाकघरात आले.

"संपर्क तुटला तर हा आपोआप परत येतो, बरोबर? जिथून उडाला त्या जागी. किती उंचीवरून यायचं ते आपण ठरवायचं असतं. तुम्ही किती ठेवलीत?"

"दुकानदाराने ठेवली तीच. तीस मीटर."

"त्या दिवशी तो त्याहून वर होता. म्हणजे आहे त्या उंचीवरून सरळ गाडीकडे निघाला असता. आणि तुम्ही तो गाडीपासून उडवला होतात. मध्ये काय होतं?"

वहिनीने आठवून पाहिलं. झुल्याचा सायलो तिसरा. गाडी पलीकडच्या टोकाला. मध्ये दुसरा सायलो, पहिला सायलो, पन्नास-पन्नास मीटरचे.

"त्याला अडथळा दिसतो," ती म्हणाली. "थांबला असता."

"थांबला असता बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली, आणि हातातली चमचाभर साखर पुन्हा डब्यात गेली.

भाऊजींनी खुर्ची ओढली, टेबलावरचा पसारा कोपराने मागे सारला आणि म्हणाले, "आणा तो इकडे. पहिल्यापासून सगळं बघू. आणि यापुढे कामावर पोचलो की आधी मी जागा फिरून बघणार, उंची लिहून घेणार, मग तुम्ही उडवायचं. चालेल?"

"चालेल."

वहिनीने करडी पिशवी आणून त्यांच्यासमोर ठेवली, चहाचा कप पिशवीपासून जरा लांब ठेवला आणि स्वतःही खुर्ची घेऊन बसली. सासूबाई नाश्त्याची ताटं घेऊन आल्या, त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि ताटं ओट्यावर ठेवून त्या गेल्या.